धाकट्या बहिणीला लंकेत काय म्हणतात

नागनाथराव लंका पाहून आले. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, दांबुल्लची लेणी, कँडीचं दंतमंदिर, राजांनी बांधलेली आणि अजूनही भरणारी तळी, सगळं त्यांनी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा शिस्तीनं पाहिलं. सांगायचीही तयारी होती. पण परभणीतल्या त्यांच्या कॉलनीत काय आणि मूळ गावी झरीला काय, ऐकणाऱ्याचा जीव तळ्यात नसायचा.

"ते तळ्याचं ऱ्हाऊ द्या, दादा. ड्रायव्हरचं सांगा."

मग नागनाथराव आढेवेढे घ्यायचे, जेवढे घ्यायला हवेत तेवढेच, आणि सांगायचे. "आरं, भर स्तूपाच्या आवारात, चार मानसांत, आमच्या सूनबाईला नंगी म्हणला तो. नंगी! एकदा न्हाई, तीनदा. म्या म्हणलं, थांब बेट्या."

पुढचा मजकूर ऐकणाऱ्यावर अवलंबून असायचा. परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरची कॉलर धरली होती. दुसऱ्या आठवड्यात कानाखाली वाजवली. सेलूच्या एका लग्नात तर तो पाया पडला आणि "माफी, साहब" म्हणाला, तेही चांगल्या हिंदीत. प्रत्यक्षात नागनाथरावांनी त्याचा शर्ट धरला होता, आणि तोही बाहीला. पण बाहीत गोष्ट मावत नाही.

हे चालू असताना त्यांची सून सुकेशनी चहाचा ट्रे ठेवायची आणि मान खाली घालून आत जायची. पाहणारे म्हणायचे, बिचारी लाजली. लाज त्यांनी बरोबर ओळखली, फक्त चुकीच्या खाती मांडली.

कारण सुकेशनीला माहीत होतं. सिंहली भाषेत नंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि हे तिला परत आल्यावर नाही, त्या प्रकाराच्या आदल्या दिवशीच माहीत झालं होतं.

*

दिवाळीच्या सुट्टीतली सहल. सेलूचा चंद्रभान कापडाच्या दुकानातून वेळ काढून वर्षातून एकदा धम्मसहल न्यायचा. बोधगया, कुशिनगर झालं, आता लंका. सुकेशनी शाळेत इतिहास शिकवते, तिला जायचंच होतं. तिच्या नवऱ्याला, सिद्धोधनला, बँकेतून रजा मिळेना. सासूबाई कुसुमबाईंचा गुडघा धरलेला, त्यांना उठाय-बसायला माणूस हवं. असं सगळ्यांच्या अडचणींची बेरीज होऊन सुकेशनीची वर्णी लागली. निघताना नागनाथराव स्टेशनवर सिद्धोधनला म्हणाले, "काळजी करू नको. सून म्हणून न्हाई, लेक म्हणून नेतोय."

कोलंबोच्या विमानतळावर ड्रायव्हर पाटी धरून उभा होता. पांढरा शर्ट, दात त्याहून पांढरे.

"नाव काय म्हणला?" नागनाथरावांनी विचारलं.

"गामिणी."

"आं? बाप्याचं नाव गामिणी?"

"तिकडं असतंय, मामा," सुकेशनी म्हणाली. "त्यांच्या एका मोठ्या राजाचं नाव आहे."

"असंल. पन मला मानूस जरा तसलाच वाटायला," नागनाथराव म्हणाले. एका नावावरून त्यांनी गामिणीच्या नावे पहिली शंका लिहून ठेवली, आणि त्यांच्या लिहिलेल्या गोष्टी सहसा खोडल्या जात नसत.

कुसुमबाईंचं मात्र त्याच्याशी लगेच जमलं. बसची पायरी चढताना त्या कण्हल्या, तसा गामिणीनं आपल्या सीटमागून एक उशी काढून आणली. सावरीच्या कापसाची, वर मोर भरलेला, मोराचा एक डोळा उसवलेला. घरून आणलेली दिसत होती. ती त्यानं कुसुमबाईंच्या गुडघ्याखाली सारली. "अम्मा, ओके?"

"ओके रे लेकरा," कुसुमबाई म्हणाल्या. नाव विचारल्यावर त्यांनी "कुसुम" सांगितलं, तर तो हसतच सुटला. "कुसुम! लंका नेम!" त्याच्या मावशीचंही नाव कुसुमाच होतं म्हणे.

सुकेशनी त्याच्या मागच्याच सीटवर बसायची. दोन्हीकडं नारळी आणि भाताची खाचरं सरकत होती, आणि दोघांत शब्दांचा खेळ लागला. ती हात दाखवायची, तो म्हणायचा अत. दात दाखवले तर दत. भात म्हणजे बत, गाव म्हणजे गम.

"ह खातोय की हा," कुसुमबाई म्हणाल्या. "आपल्यावानीच. आपुन तुमी-आमी म्हनतो तसं."

सुकेशनीला हे फार आवडलं. कुठं झरी, कुठं अनुराधपूर, आणि ह मात्र दोन्हीकडच्या लोकांनी सारखाच गिळलेला. वर्गात मुलांना सांगायचं म्हणून तिनं मनात ठेवलं. सगळंच काही जुळत नव्हतं. फुलाला तिथं मल म्हणतात हे ऐकून कुसुमबाईंनी हातातलं कमळ जरा लांब धरलं होतं. "मळ? बया! बुद्धाला मळ वाहायचा व्हय?" सगळी बस हसली. नागनाथरावसुद्धा.

दांबुल्लच्या अलीकडं बस शहाळ्यांसाठी थांबली. केशरी रंगाची शहाळी, आपल्याकडं दिसत नाहीत तशी. कुसुमबाई बसमध्ये झोपलेल्या. नागनाथराव आणि चंद्रभान रस्त्यापलीकडं तळ्याच्या बांधावर चढून त्याच्या सांडव्याची चर्चा करत होते. बाकीची मंडळी दुकानात लाकडी हत्ती पाहत होती. टपरीपाशी सुकेशनी आणि गामिणी दोघंच.

"अक्का," गामिणीनं शहाळंवालीकडं बोट केलं. "बिग सिस्टर."

"आमच्यातही अक्काच," सुकेशनी म्हणाली.

त्यानं मग तिच्याकडं बोट केलं. "यू, नंगी. स्मॉल सिस्टर. आय हॅव टू नंगी. नाऊ थ्री."

सुकेशनीला हसू फुटलं, इतकं की शहाळ्याचं पाणी नाकात गेलं. तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं. आता त्याला काय सांगणार? हा शब्द आमच्याकडं उच्चारू नको, कारण त्याचा अर्थ असा असा, हे परक्या पुरुषाला, रस्त्यावर, इंग्रजीत? तिनं हातानंच काही नाही म्हटलं. तेवढ्यात नागनाथराव बांधावरून उतरताना दिसले आणि ती उगाच दोन पावलं बाजूला सरकली. काही चुकीचं चाललं नव्हतं. पण सरकली.

*

दुसऱ्या दिवशी अनुराधपूर. सकाळी सर येऊन गेलेली, स्तूपाभोवतीचे दगड ओले, अनवाणी पायांना गार. पांढरे कपडे घातलेली माणसं कमळं घेऊन सावकाश चाललेली. सगळं इतकं शांत की चंद्रभानसुद्धा हळू बोलत होता.

बुद्धाच्या एका मोठ्या मूर्तीपुढं सुकेशनी फोटोला उभी राहिली. सेलूच्या कडूबाईंनी फोन धरला. आपल्याकडं जयंतीला सगळेच असे उभे राहतात, मूर्ती मागं, आपण पुढं, मूर्ती पूर्ण आली पाहिजे म्हणून थोडं वाकून. भक्तीचाच भाग तो. लंकेत मात्र बुद्धाकडं पाठ करून फोटो काढणं म्हणजे मोठा अपमान. गामिणीनं बसमध्ये हे सांगितलं होतं, पण तेव्हा माइक चंद्रभानच्या हातात होता आणि तो नाश्त्याचं सांगत होता.

पलीकडून एक पहारेकरी कपाळाला आठ्या घालून यायला निघाला. गामिणीनं ते पाहिलं आणि तो खालच्या पायऱ्यांवरून ओरडतच धावला.

"नंगी! नंगी! नो! नंगी, नो!"

शांततेत तो शब्द केवढा तरी मोठा झाला. परभणी जिल्ह्याच्या सगळ्या माना एकदम वळल्या. सुकेशनीनं नकळत पदर सावरला, आणि तो सावरलेला पदर नागनाथरावांनी पाहिला.

"काय म्हणला?" ते पुढं आले. "किसको बोला रे? मेरे बहू को नंगी बोलता?"

गामिणीला हिंदी येत नव्हती. त्या वाक्यातला एकच शब्द त्याच्या ओळखीचा होता. पहारेकरी परत फिरला होता, त्यामुळं त्याला हायसंही वाटत होतं. तो छातीवर हात ठेवून हसला.

"यस, सर! नंगी. माय नंगी!"

नागनाथरावांनी त्याची बाही धरली. "बेशरम! वर हसायलास?"

कडूबाईंनी फोन खाली केला. "बया बया. आन् मी म्हनलं, मानूस साधा हाय."

"मामा, त्याचं तसं न्हाई..." सुकेशनी म्हणाली.

"तू गप बस, पोरी. तो शब्द तुज्या तोंडून पन यायचा न्हाई. मी हाय न."

कडूबाई तिच्याकडं वळल्या होत्या. नजर प्रश्नाचीच होती, तुला गं काय ठाव? आणि सुकेशनीनं, इतिहासाच्या बाईनं, पुढचं सगळं भराभर मांडून पाहिलं. मला अर्थ माहीत आहे म्हटलं की, कुणी सांगितला? त्यानं. कधी? काल. कुठं? शहाळ्याच्या टपरीवर. अजून कोण होतं? कुणी नाही. एका वाक्यामागं इतकी वाक्यं उभी होती, आणि शेवटचं वाक्य कडूबाई सेलूपर्यंत नेणार होत्या.

गामिणीचं हसू आता ओसरलं होतं. त्यानं सुकेशनीकडं पाहिलं. काय बिनसलं ते त्याला कळलं नव्हतं, पण कालच्या तिच्या हसण्याशी याचा काहीतरी संबंध आहे एवढं कळलं असावं. तो वाट पाहत होता, ती सांगेल म्हणून.

सुकेशनी स्तूपाकडं पाहत राहिली.

चंद्रभाननं तिथूनच कंपनीला फोन लावला. मोडक्या इंग्रजीत त्याला जे सांगता आलं ते असं होतं की ड्रायव्हर लेडीज लोकांशी घाणेरडं बोलला. तक्रार नागनाथरावांच्या नावानं नोंदवली गेली. संध्याकाळी हॉटेलवर दुसरा ड्रायव्हर आला, जाडा, न बोलणारा. गामिणीनं सगळ्यांच्या बॅगा नव्या बसमध्ये चढवून दिल्या. कुसुमबाईंनी उशी परत दिली तर त्यानं घेतली नाही. "कँडी रोड बॅड, अम्मा," म्हणाला आणि त्यांच्या गुडघ्याकडं बोट दाखवलं. सुकेशनीच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती, ती त्यानं लावली.

*

उशी परभणीला आली. कुसुमबाई रोज दुपारी ती गुडघ्याखाली घ्यायच्या आणि रोज कधी ना कधी म्हणायच्या, "वंगाळ बोलनारा मानूस उशी कशाला दील?"

"फितवायला," नागनाथराव पेपरातून मान वर न करता म्हणायचे.

"मला? ह्या वयात?"

सुकेशनी तेव्हा बहुतेक वेळा वह्या तपासत असायची.

तिनं सिद्धोधनला सांगून पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं, डोकं खाजवलं. "आता सांगून काय फायदा? आप्पांची गावात शोभा व्हईल. आन् आपल्याला परत कुठं जायचंय तिथं?" मग थोड्या वेळानं, "टपरीवर तुमी दोघंच व्हता?" एवढंच विचारलं, सहज. त्या सहजपणानं तिला कळून चुकलं की कडूबाईंबद्दलचा आपला हिशेब चुकला नव्हता, फक्त माणूस चुकला होता.

नंतर मेसेज आला. औषधाच्या दुकानासाठी म्हणून तिनं पहिल्याच दिवशी गामिणीला नंबर दिला होता. इंग्रजी त्याच्या बोलण्यासारखीच, तुटक. नंगी, मी गामिणी. कंपनी बस देत नाही. म्हणते, सरांनी लिहून दिलं तरच. डिसेंबरच्या पौर्णिमेला अनुराधपुरात सगळा देश येतो, तेव्हा काम मिळालं तर वर्ष निघतं. सरांना शब्दाचा अर्थ सांग, प्लीज.

तिनं वाचलं. खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं हे त्यालाही कळलं. तिनं सॉरी लिहिलं, पुसलं. सॉरी लिहिलं तर पुढचं लिहावं लागणार होतं. दोन दिवसांनी पुन्हा आला, एकाच शब्दाचा.

नंगी?

शाळेत पाचव्या तासाला तो तिनं पाहिला आणि फोन पर्समध्ये पालथा घातला. फळ्यावर मौर्यकाळ अर्धा लिहिलेला होता. अशोकानं मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा यांना श्रीलंकेस पाठवले. तिनं खडू उचलला आणि संघमित्रापाशीच थांबली.

*

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी झरीच्या विहारात नागनाथरावांचं भाषण ठेवलं होतं. विषय, लंकेचा इतिहास आणि आपण. नागनाथरावांनी टिपणं काढलेली, चष्मा पुसलेला. महेंद्र आधी गेला, मग बोधिवृक्षाची फांदी घेऊन त्याची धाकटी बहीण संघमित्रा जहाजानं गेली, याच पौर्णिमेला ती तिथं पोचली असं लंकेचे लोक मानतात, हे त्यांनी खरंच चांगलं सांगितलं. बाया माना डोलवत होत्या. मग ते तळ्यांवर आले, आणि मागून त्यांचा लहानपणचा दोस्त परमेश्वर, जो भाषणं ऐकायला कमी आणि ती मोडायला जास्त यायचा, ओरडला,

"नागू, पानी लय झालं. ड्रायव्हर सोड आता!"

हशा पिकला. नागनाथरावांनी टिपणं मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर ते सांगायच्या आधीचं हसू आलं. "तर मंडळी, त्याच अनुराधपुरात..."

सुकेशनी बायांच्या मधून उठली. "मामा, एक विचारू?"

ती विहारात सासऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. नागनाथराव आधी चपापले आणि मग खूश झाले. "विचार की. मास्तरीण हाय, विचारणारच," त्यांनी लोकांना सांगितलं.

"संघमित्रा महेंद्राची कोण?"

"धाकटी बहीन. आत्ताच सांगितलं न."

"लंकेच्या आताच्या भाषेत तो तिला काय म्हणून हाक मारंल?"

"ते मला काय ठाव?"

"नंगी म्हणंल."

एकजण हसला आणि मध्येच थांबला.

"थोरलीला तिथं अक्का म्हणतात, आपल्यावानीच. धाकटीला नंगी. गामिणी मला बहीण म्हणायला होता, मामा. मी बुद्धाकडं पाठ करून उभी होते, पहारेकरी यायला होता, म्हणून वरडला तो. दुसरं काही नव्हतं."

नागनाथरावांनी चष्मा काढला.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"त्यानंच."

"कवा?"

इथं खोटं सोपं होतं. परत आल्यावर, फोनवर, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांचंच भागलं असतं.

"आदल्या दिवशी," सुकेशनी म्हणाली. "शहाळ्याच्या टपरीवर. मी एकटीच होते तिथं."

"आदल्या दिवशी," नागनाथराव म्हणाले. हेडक्लार्कचं डोकं तारखेवर तारीख ठेवून पाहत होतं. "म्हंजी मी त्याची बाही धरली, तवा तुला ठाव व्हतं."

"हो."

"बाही?" मागून परमेश्वर म्हणाला. "कॉलर न?"

कुणी हसलं नाही. नागनाथरावांना आपण काय बोलून गेलो ते उमगलं आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं. तरी त्यांनी तो तोंडाला लावला. सुकेशनी उभीच होती. बसावं की नाही हे तिला कुणी सांगेना.

*

परभणीला येईपर्यंत जीपमध्ये कुसुमबाईच काय ते बोलल्या. "मी म्हनतच व्हते. उशी देनारा मानूस हाय."

घरी आल्यावर नागनाथराव टेबलाशी बसले. "लिही," म्हणाले. चप्पल काढायचीही राहिली होती. "विषय, आमच्या गैरसमजामुळं झालेली तक्रार मागं घेण्याबाबत. इंग्रजीत कर. ड्रायव्हरची कसलीही चूक नसून..." ते थांबले. "नसून, चूक सर्वस्वी माझी हाय. खाली माझी सही."

"दोघांची, मामा."

"तू कशाला? तक्रार माझ्या नावची."

"मी गप होते."

नागनाथरावांनी तिच्याकडं पाहिलं. रागावायचं बाकी होतं, ते त्या दिवशी त्यांनी केलं नाही. पुढंही केलं नाही, आणि ते सुकेशनीला जास्त जड गेलं. "कर मग," म्हणाले.

कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. कळवल्याबद्दल आभार, आमच्या सुंदर देशात पुन्हा या, आणि शेवटी जोडलेले हात. गामिणीला बस दिली की नाही याबद्दल अक्षर नाही. सुकेशनीनं सही केलेल्या कागदाचा फोटो गामिणीलाही पाठवला. खाली लिहिलं, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. अय्या, माफ कर. थोरल्या भावाला तिथं अय्या म्हणतात, तेही तिला त्यानंच सांगितलेलं.

खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

"वाचलं का त्यानं?" नागनाथराव रोज चहाच्या वेळी विचारायचे.

"वाचलं."

"मग?"

"काही न्हाई."

ते मान डोलवायचे. कॉलनीतलं कुणी आलं आणि लंकेचा विषय निघाला, तर आता ते तळ्यांचं सांगायचे. ऐकणारे लवकर उठायचे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी अनुराधपूरचा थेट कार्यक्रम फोनवर लागला. सुकेशनीनं फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. कुसुमबाई गुडघ्याखाली मोर घेऊन बसल्या आणि त्यांनी हात जोडले. पांढऱ्या कपड्यांचा नुसता लोंढा, दिवे, कमळं, मध्ये सोनेरी कठड्यातला तो जुना वृक्ष. मग कॅमेरा बाहेरच्या मैदानावर गेला. बसच बस, रांगेनं, दारांत उभे ड्रायव्हर.

नागनाथराव खुर्चीतून पुढं सरकले. वृक्ष दिसत होता तेव्हा ते इतके पुढं आले नव्हते.

"थांबव. थांबव, पोरी. ते पांढऱ्या शर्टवालं... तेच न्हवं का?"

सुकेशनीनं चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. चेहरा विस्कटून नुसते ठिपके झाले.

"समजंना, मामा."

"मागं घे जरा," नागनाथराव म्हणाले. "परत लाव."